नोकरीचा कागद आणि हप्त्याचा हिशेब

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. यवतमाळ जिल्ह्याचे मे महिन्यातले ऊन कसे असते ते सांगायला नको. असरची नमाज आटोपून आम्ही दारापुढे पाणी मारत होतो, तेवढ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचे अब्बा आले. मुलगी दिग्रस तालुक्यातली. दहावीपर्यंत आमच्याच वर्गात, उर्दू माध्यमात शिकली. पुढे बी.कॉम. केले, बँकेच्या परीक्षा दिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात सरकारी बँकेत लिपिक म्हणून तिची निवड झाली. वडील मालवाहू ऑटो चालवतात. निवड यादी लागली त्या दिवशी त्यांनी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले होते.

त्या दिवशी मात्र दोघांचेही चेहरे उतरलेले होते. अब्बांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, "सर, जरा पढ़के बताओ, इसमें क्या लिखा है? बच्ची की नौकरी गई क्या?"

कागद बँकेचा होता. रुजू होण्यापूर्वी जी कागदपत्रे आणायची त्यांची ती यादी होती. मूळ गुणपत्रिका, वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्याचा दाखला, हे नेहमीचेच. त्याखाली आणखी एक ओळ होती. उमेदवाराचा सिबिल अहवाल पाहण्यात येईल, प्रतिकूल नोंद असल्यास ती दुरुस्त करून आणावी किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेचा ना-हरकत दाखला आणावा, अन्यथा नियुक्ती रद्द होऊ शकते. मुलीने आपला अहवाल मोबाइलवर काढला होता. त्यात तिच्या नावावर एकच कर्ज होते आणि त्यापुढे इंग्रजीत शब्द होता, 'सेटल्ड'.

तो शब्द वाचला आणि आम्ही खाली बसलो. कारण त्या शब्दामागे आमचाच सल्ला होता.

आमची चूक

२०२१ साली कॉलेजचे वर्ग मोबाइलवर भरत होते. घरात एकच साधा फोन. अब्बा मुलीला घेऊन दुकानात गेले आणि बारा हजारांचा फोन हप्त्यावर घेतला. दोन हजार रोख, बाकी हजार-हजाराचे दहा हप्ते. अब्बांच्या नावावर ऑटोच्या कर्जाचे हप्ते आधीच थकलेले होते, म्हणून दुकानातला पोरगा म्हणाला की कर्ज दुसऱ्या कुणाच्या नावावर टाका. मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली होती. आधार होते, पॅन तिथेच काढून दिले. मुलीने अंगठा मशीनवर ठेवला आणि ती आयुष्यात पहिल्यांदा कर्जदार झाली. तिला वाटले, आपण फोन घेतला.

पाच हप्ते गेले. मग अब्बा आजारी पडले, ऑटो दोन महिने उभा राहिला आणि पुढचे पाच हप्ते राहून गेले. दंड धरून सहा हजार चारशे रुपये निघाले. वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले, तेव्हा अब्बा आमच्याकडे आले होते. आम्ही स्वतः त्या माणसाशी बोललो, घासाघीस केली आणि साडेतीन हजारांत प्रकरण मिटवले. गरिबाचे दोन हजार नऊशे रुपये वाचवले म्हणून मनातून खूश झालो. अब्बांनी आम्हाला दुआ दिली.

आम्ही वाचवले ते दोन हजार नऊशे रुपये चार वर्षांनी मुलीच्या नोकरीच्या आडवे येऊन उभे राहिले. आम्ही बी.एड. आहोत, दोन भाषा शिकवतो, मोहल्ल्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडे येतात. तरी 'कर्ज फिटले' आणि 'कर्ज मिटवले' यांतला फरक आम्हाला ठाऊक नव्हता. त्यानंतर आम्ही या विषयाची जी माहिती गोळा केली, ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले. ज्या घरात मुलगा-मुलगी नोकरीची तयारी करत आहे, त्या घराने ती वाचून ठेवावी.

ही वही कोण लिहिते?

पूर्वी गावात सावकाराची वही असे. कुणी किती घेतले, कधी फेडले, कोण टाळतो, हे त्या वहीत असे आणि गावाला ते माहीत असे. आज ती वही देशभराची झाली आहे. भारतात २००० साली क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो ही कंपनी स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'सिबिल' हा शब्द आला आणि आता तो दिग्रसच्या बाजारातही सगळ्यांच्या तोंडी आहे. २००५ साली संसदेने या कामासाठी स्वतंत्र कायदा केला. आज रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क.

आपण बँकेतून, पतपुरवठा कंपनीतून, बचत गटांना किंवा महिलांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीतून एक रुपया जरी उचलला, तरी त्याची माहिती या कंपन्यांकडे जाते. कोणत्या महिन्यात हप्ता आला, किती दिवस उशीर झाला, कर्ज पूर्ण फिटले की अर्धवट मिटवले, हे सगळे तिथे लिहिले जाते. जानेवारी २०२५ पासून तर ही माहिती दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले. या साऱ्या हिशेबावरून ३०० ते ९०० या दरम्यान एक आकडा काढला जातो. तो म्हणजे स्कोअर. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याच्यापुढे आकड्याऐवजी उणे एक किंवा 'इतिहास नाही' अशी खूण असते.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. स्कोअर वेगळा आणि अहवाल वेगळा. स्कोअर म्हणजे शेवटची टक्केवारी, अहवाल म्हणजे विषयवार गुणपत्रिका. नोकरी देणारी बँक नुसती टक्केवारी पाहत नाही, कोणत्या विषयात लाल शेरा आहे तेही पाहते.

नोकरीच्या जाहिरातीत हे कधी आले?

सरकारी बँकांतली लिपिक आणि अधिकारी भरती आयबीपीएस ही संस्था घेते. २०२३ च्या भरतीत तिच्या जाहिरातीत उमेदवाराच्या पतइतिहासाचे कलम आले आणि किमान ६५० स्कोअरची अट चर्चेत आली. त्यावरून देशभर ओरड झाली. ज्या पोराला नोकरीच नाही त्याचा हप्ता थकणारच, मग त्याच थकलेल्या हप्त्यासाठी त्याची नोकरी कशी अडवता, असा सवाल विचारला गेला. पुढच्या वर्षीच्या भरतीत किमान आकड्याची अट काढण्यात आली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत तसे उत्तरही दिले. परंतु कलम पूर्ण गेलेले नाही. रुजू होताना उमेदवाराचा पतइतिहास चांगला असावा, प्रतिकूल नोंद असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी किंवा संबंधित कर्जाची काहीही बाकी नसल्याचा दाखला आणावा, हे कायम आहे.

स्टेट बँकेची भाषा याहून कडक आहे. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची परतफेड चुकवल्याची नोंद असलेला किंवा सिबिलचा प्रतिकूल अहवाल असलेला उमेदवार नियुक्तीस पात्र नाही, असे तिच्या जाहिरातीत लिहिलेले असते. तमिळनाडूतल्या एका उमेदवाराची या बँकेत अधिकारी म्हणून निवड झाली होती. २०२१ मध्ये त्याची नियुक्ती याच कारणाने रद्द झाली. तो मद्रास उच्च न्यायालयात गेला. आपण सगळी कर्जे फेडली आहेत, आज एक रुपयाही देणे नाही, असे त्याचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. जाहिरातीतली अट त्याने अर्ज करतानाच मान्य केली होती आणि ज्याच्या हातात लोकांचा पैसा जाणार आहे त्याच्याकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा करणे गैर नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

म्हणजे काही ठिकाणी 'आधी चुकले, पण आता फेडले' असे म्हणून सुटका होते, तर काही ठिकाणी तेवढ्याने भागत नाही. म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आपली मुले जागा किती, वय किती, फी किती एवढे पाहतात आणि फॉर्म भरतात. ही अट मात्र बारीक अक्षरात शेवटच्या पानांवर असते.

बँकांखेरीज विमा आणि पतपुरवठा कंपन्या, पैशांचा व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या खासगी कंपन्या यांच्याकडेही निवड झाल्यावर पार्श्वभूमी तपासताना अशी विचारणा होऊ शकते. अशा वेळी आपल्याकडून संमतीच्या कागदावर सही घेतात. ती सही कशासाठी आहे ते वाचूनच करावी. शिक्षक भरतीच्या किंवा पोलीस भरतीच्या ज्या जाहिराती आम्ही विद्यार्थ्यांसाठी पाहिल्या, त्यांत असे कलम आम्हाला आढळले नाही. तेव्हा विनाकारण घाबरूनही जाऊ नये.

हे न्याय्य आहे का?

आमच्या मनातही हा प्रश्न येतो. बँकेची बाजू समजण्यासारखी आहे. उद्या हाच मुलगा काउंटरवर बसून लाखो रुपये मोजणार आहे. जो स्वतः कर्जबुडव्या आहे तो दुसऱ्याकडून वसुली कशी करणार, हेही खरे. पण 'देऊ शकत असून न देणारा' आणि 'देण्याची इच्छा असून न देऊ शकणारा' यांतला फरक अहवालात दिसत नाही. आपला जिल्हा कापसाचा. पाऊस वेळेवर आला नाही, बोंडअळी पडली, भाव पडला, की अख्ख्या गावाचे हप्ते एकाच महिन्यात थकतात. त्यात नियतीचा दोष किती आणि नियतचा किती, हे संगणक सांगत नाही.

बाहेरच्या देशांतही हा वाद आहे. अमेरिकेत नोकरी देणारा उमेदवाराचा असा अहवाल पाहू शकतो, पण त्यासाठी उमेदवाराची लेखी परवानगी लागते आणि त्या अहवालावरून नकार द्यायचा असेल तर आधी त्याला त्याची प्रत द्यावी लागते. कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा काही राज्यांनी बहुतेक नोकऱ्यांसाठी ही तपासणी बंद केली आहे. न्यूयॉर्क शहरानेही २०१५ मध्ये तसा कायदा केला. आपल्याकडेही यावर चर्चा व्हायला हवी आणि ती आपल्या प्रतिनिधींनी करावी. पण कायदा बदलेपर्यंत आपल्या मुलांना आजच्या नियमांतूनच जायचे आहे.

आमच्या घरांत नोंद कशी बिघडते?

गेल्या वर्षभरात आम्ही दहावी-बारावीनंतरच्या पालक सभेत हा विषय काढू लागलो. प्रत्येक सभेनंतर दोन-चार जण मागे थांबतात आणि हळू आवाजात आपली अडचण सांगतात. त्यातून काही गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या.

पहिली गोष्ट, मुलांच्या नावावर घेतलेली वस्तू. फोन, फ्रीज, मोटारसायकल. बापाचे नाव चालत नाही म्हणून अठरा-वीस वर्षांच्या मुलाचे नाव दिले जाते. हप्ता बाप भरतो, पण चुकला तर शिक्षा मुलाला. 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जी वस्तू मिळते तीही कर्जच असते, हे दुकानदार सांगत नाही. 'आत्ता घ्या, नंतर द्या' म्हणणारी मोबाइलवरची ॲपसुद्धा कर्जच देतात. पाचशे रुपये थकले तरी नोंद ती नोंदच.

दुसरी, जामिनकी. भावाने, मामाने, मित्राने सही मागितली की आपण मुरवतीत सही करतो. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसते. मूळ कर्जदाराने टाळले की जामीनदाराची नोंद खराब होते. एका तरुणाला तर आपण चुलत्याच्या कर्जाला जामीन आहोत हे अहवाल काढल्यावरच आठवले.

तिसरी, शेतीचे कर्ज. बाप वारल्यावर सातबारावर मुलाचे नाव लागते, सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज त्याच्या नावावर येते. मग कर्जमाफीची वाट पाहिली जाते. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या आणि अनेक घरांना त्यांचा आधार मिळाला, यात शंका नाही. परंतु माफी येईपर्यंत जे कर्ज थकीत राहते ते वहीत थकीत म्हणूनच लिहिले जाते. शेतात राबणारा थोरला भाऊ ते सोसून नेईल. पण त्याच सातबारावर नाव असलेला धाकटा भाऊ बँकेच्या परीक्षेला बसला असेल, तर त्याचा विचार घरात आधीच व्हायला हवा.

चौथी, महिलांचे गट. आठवड्याच्या हप्त्यावर कर्ज देणाऱ्या कंपन्या गल्लोगल्ली आहेत. एकीच्या नावावर कर्ज उचलून दुसरीने वापरायचे, हा प्रकार आपल्या वस्त्यांत सर्रास चालतो. शेजारधर्म म्हणून आपल्या सुनेच्या नावावर पैसे काढून दिले आणि शेजारीण गाव सोडून गेली, तर वहीत नाव सुनेचे राहते. ती सून बी.ए. झालेली असते आणि उद्या तिलाही नोकरी करायची असते.

पाचवी गोष्ट आम्हा शिक्षकांच्या जिव्हाळ्याची आहे, नावांचा घोळ. आमच्या विदर्भात 'शेख अमुक शेख तमुक', 'सय्यद अमुक सय्यद तमुक' अशी नावे लिहिण्याची पद्धत आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक, आधारवर दुसरे, पॅनवर तिसरे. कुठे 'शेख' पुढे, कुठे मागे, कुठे नुसते 'एस.के.'. त्यात जुन्या पिढीतल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै, कारण दाखल करताना गुरुजींनीच ती टाकलेली. एकच नाव, एकच गाव, एकच तारीख असलेल्या दोघांची नोंद एकमेकांत मिसळण्याचा धोका आपल्याकडे जास्त आहे. न घेतलेले कर्ज अहवालात दिसले तर घाबरू नये, पण स्वस्थही बसू नये.

आणि सहावी गोष्ट. काही घरे व्याजापासून दूर राहायचे म्हणून कर्जच घेत नाहीत. त्यांची मुले विचारतात, "सर, आमचा स्कोअर उणे एक आहे, नोकरी मिळणार नाही का?" कोचिंगच्या आसपास फिरणारे एजंट त्यांना सांगतात की आधी एक कार्ड घ्या, छोटे कर्ज घ्या, स्कोअर बनवा. हे ऐकू नका. भरतीच्या कलमात प्रश्न आहे तो प्रतिकूल नोंदीचा. कोरे पान म्हणजे खराब पान नव्हे. केवळ नोकरीसाठी व्याजाच्या दारात जाण्याची गरज नाही.

आता करायचे काय?

निकाल लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा फॉर्म भरायच्या दिवशीच ही कामे करावीत.

पहिले काम म्हणजे आपला अहवाल काढणे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावा. पैसे घेऊन 'स्कोअर दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. आपलाच अहवाल आपण पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

अहवाल इंग्रजीत असतो, म्हणून घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा शिक्षकाला सोबत बसवावे. आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता तपासावा. मग एकेक कर्ज पाहावे. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, गेल्या ३६ महिन्यांपर्यंतचे. चौकोनात शून्ये असतील तर हप्ता वेळेवर गेला. ३०, ६०, ९० असा आकडा असेल तर तितके दिवस उशीर. कर्जाच्या स्थितीपुढे 'क्लोज्ड' असेल तर कर्ज पूर्ण फिटले. 'सेटल्ड' म्हणजे कमी पैशांत मिटवले, देणे सोडून दिले. 'रिटन ऑफ' म्हणजे वसुलीची आशा सोडून कंपनीने ते बुडीत खात्यात टाकले. हे शेवटचे दोन शब्द प्रतिकूल समजले जातात.

'सेटल्ड' असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी विचारावे की उरलेली रक्कम किती आणि ती भरल्यास 'क्लोज्ड' अशी नोंद कराल का. रक्कम भरावी, पावती घ्यावी आणि काहीही बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. हा दाखला शाळा सोडल्याच्या दाखल्याइतकाच जपून ठेवावा. फोनवरच्या तोंडी आश्वासनावर कधीही पैसे भरू नयेत आणि वसुलीवाल्याच्या खासगी खात्यात तर मुळीच नाही.

नोंद चुकीची असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करावी. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत झाले पाहिजे. एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की त्याहून जास्त उशीर झाल्यास तक्रारदाराला दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून या पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी वकील लागत नाही आणि फीही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मात्र ३० दिवस हा मोठा काळ आहे आणि रुजू होण्याची तारीख बहुधा त्याच्या आत येते. म्हणूनच हे काम निकालानंतर नव्हे, फॉर्मच्या वेळी करायचे. आणि बँकेने विचारल्यास काहीही लपवू नये. लपवलेले उघडे पडले तर नोकरीही जाते आणि अब्रूही.

कर्ज आणि आपला दीन

आपल्या घरांत व्याजाविषयी बोलले जाते, पण कर्ज फेडण्याविषयी तेवढे बोलले जात नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती कर्जाच्या व्यवहाराविषयी आहे. मुदत ठरवा, लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, ही तिची शिकवण. लहान रक्कम असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, हेही तिथेच सांगितले आहे. म्हणजे देण्याघेण्याची वही ठेवणे ही काही आजच्या कंपन्यांनी शोधलेली गोष्ट नाही. प्रेषित (स.) एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज पढवायला पुढे झाले नाहीत, आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतल्यावरच त्यांनी ती पढवली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाच हप्ते राहिले तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने ती आठवावी.

त्याच सूरहमध्ये दुसरी बाजूही आहे. कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ करणे अधिक चांगले, अशी शिकवण आहे. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यांत कर्जात अडकलेला माणूसही आहे. रमजानमध्ये आपल्या गावोगावी जकात निघते. धान्याची पाकिटे वाटली जातात, कपडे वाटले जातात, ते चांगलेच आहे. पण पाच-सहा हजारांच्या थकबाकीपायी ज्याची नोकरी अडली आहे, असा खरोखर गरजू मुलगा आपल्या मोहल्ल्यात आहे का, हे जमातीच्या जबाबदार मंडळींनी एकदा विचारून पाहावे. अशा एका घराचे देणे फेडले तर पुढच्या रमजानला तेच घर देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू शकते. आलिमांना विचारून आणि चौकशी करून हे काम व्यवस्थित करता येईल. बिनव्याजी मदतीचा छोटा निधी असेल तर आणखी उत्तम. मात्र तिथेही लिहून घ्यावे आणि घेणाऱ्यानेही वेळेवर फेडावे, नाहीतर तो निधी दोन वर्षांत आटतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

बँकेच्या पत्रात रुजू होण्यासाठी तीन आठवडे होते. फोनचे कर्ज देणाऱ्या कंपनीचे आमच्या गावातले काउंटर केव्हाच बंद झाले होते. मुलीने ई-मेल पाठवला, आम्ही फोन केले. पाचव्या दिवशी उत्तर आले की उरलेले दोन हजार नऊशे भरल्यास कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला देऊ. ते पैसे आम्ही भरणार होतो, कारण चूक आमची होती. अब्बांनी ऐकले नाही. म्हणाले, "सर, कर्ज़ हमारा था। आपने तो भला सोचा था।" दोन दिवस रात्रीची भाडी मारून त्यांनी पैसे उभे केले. आठवड्याभरात दाखला आला. बँकेने तो घेतला आणि मुलगी ठरलेल्या दिवशी रुजू झाली. अहवालातला शब्द बदलायला त्यानंतरही महिना लागला. दाखला नसता तर तो महिना तिला मिळाला नसता.

आता ती मराठवाड्यातल्या एका शाखेत आहे. मागच्या ईदला घरी आली तेव्हा आमच्याकडे आली होती. म्हणाली, "सर, काउंटरवर हप्त्याचा फोन घेऊन येणारी पोरं दिसली की मी त्यांना एकच विचारते, हे तुझ्या नावावर आहे की अब्बांच्या?"

या वर्षीपासून आम्ही बारावीच्या निरोप समारंभात मुलांना एक गोष्ट सांगतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की तुमचे नाव तुमचे स्वतःचे होते. ते कुणालाही वापरायला देऊ नका, बापालासुद्धा विचार करूनच द्या. आणि पालकांना सांगतो, मुलाला वारशात शेत देता आले नाही, घर देता आले नाही, तरी निदान त्याचे नाव कोरे ठेवून त्याच्या हाती द्या.

सल्ला देणाऱ्या आमच्यासारख्या लोकांनीही एक धडा घ्यावा. जे आपल्याला ठाऊक नाही ते 'विचारून सांगतो' असे म्हणायला लाजू नये. त्या दिवशी आम्ही एवढे म्हटले असते, तर एका बापाला भर मे महिन्यात तो कागद हातात घेऊन आमच्या दारात यावे लागले नसते.